मुक्कामाची गावं

चि. चिऊ,


तुझ्या प्रवासाचा आराखडा दादाने मला पाठवला. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत, 4 दिवसांत 21 ठिकाणं, आणि प्रत्येकापुढे किती मिनिटं थांबायचं तेही लिहिलंयस. सगळ्यात वर एक ओळ आहे, ‘किनाऱ्यावरच्या जुन्या गावांमधली कला बघायची आहे.’ ती वाचून मला फार बरं वाटलं. कोकणात जाणारे बहुतेक जण समुद्र आणि मासे यांच्या ओढीने जातात, त्यात वावगं काहीच नाही. पण तू काही शोधायला निघाली आहेस. इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यावर अशा मुलीला काही सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, तेव्हा पत्र लांबेल हे आधीच सांगते.

माझी विनंती अशी की यादीतली निम्म्याहून अधिक ठिकाणं खोडून टाक. दिवस वाढवता आले तर वाढव, नाही जमलं तर गावं कमी कर; पण जिथे जाशील तिथे रात्र काढ. यामागे माझा हट्ट नाही, त्या बंदरांचा स्वभावच तसा आहे. शिडाची जहाजं वाऱ्याच्या हुकमाने चालत. अरबस्तान, इराणकडून येणारी गलबतं पावसाचा जोर ओसरता ओसरता आपल्या किनाऱ्याला लागत, आणि परत जायचं तर ईशान्येचा वारा सुटेपर्यंत, म्हणजे थंडी पडेपर्यंत, थांबावं लागे. पावसाळ्यात तर बंदरच बंद. आजही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. म्हणजे आलेला व्यापारी, खलाशी, सैनिक, धर्मोपदेशक महिनोन् महिने गावात राहायचा. त्याला घर लागायचं, वखार लागायची, प्रार्थनेची जागा लागायची, मेला तर कबर लागायची. हे सगळं बांधायला गवंडी, सुतार, पाथरवट इथलेच. त्याने सांगायचं आपल्या देशात कसं असतं ते, आणि इथल्या हाताने ते आपल्या सवयीने घडवायचं. किनाऱ्यावरची जी कला मला प्रिय आहे, तिच्यातली बरीचशी या थांबण्यातून जन्मली. पाऊण तासात ती तुला भेटणार नाही.

सुरुवात चौल-रेवदंड्याने कर. अलिबागपासून जवळच असल्यामुळे लोक ते ‘जाता जाता’ उरकतात. आज सुपारीच्या वाड्या, शांत गल्ल्या आणि एक-दोन देवळं एवढंच दिसणारं हे गाव जवळजवळ 2000 वर्षांपूर्वीपासून जगाला ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत त्याचं नाव आहे, कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ‘चेमुल’च्या दात्यांची नोंद आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातल्या त्वेरचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी इथेच उतरला. विकण्यासाठी घोडा घेऊन आला होता बिचारा. इथून जुन्नरला गेला, तिथल्या खानाने घोडा काढून घेतला, महत्प्रयासाने तो परत मिळाला. त्यात पावसामुळे तो जुन्नरलाच अडकून पडला होता. चिखल आणि पाणी यांनी त्रासलेल्या या माणसाने अडकल्या जागी लोक काय खातात, काय नेसतात, कसं राहतात ते सगळं टिपून ठेवलं. वास्को द गामाच्या आधीचं हे टिपण आज आपल्याला वाचायला मिळतं, ते त्या मुक्कामामुळे. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, ते आवर्जून बघ.

रेवदंड्याचा कोट पोर्तुगिजांचा. 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. कोटाच्या आतच आता गाव आणि वाड्या आहेत, त्यामुळे भिंती शोधाव्या लागतात. माडांच्या मधून अचानक एखादी कमान समोर येते, कुठे पडक्या चर्चची भिंत, कुठे दरवाजावर कोरलेलं राजचिन्ह. ‘सातखणी’ म्हणतात तो मनोरा एकेकाळी 7 मजल्यांचा होता, आता त्याचे वरचे मजले कोसळलेले आहेत. त्याच्या पायथ्याशी बस आणि वही काढ. फोटो नंतर. कागदावर एक कमान काढायची तर तिचे दगड मोजावे लागतात, मधला दगड कसा बसवलाय ते बघावं लागतं, बाजूचे दगड एकमेकांवर भार कसा टाकतात ते समजून घ्यावं लागतं. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल, ते कुणाला दाखवायचं नाहीये.

त्याच गावात बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, बेथ एल. अलिबागला दुसरं आहे, आणि त्या भागाला इस्रायल आळीच म्हणतात. हे लोक पिढ्यान् पिढ्या कोकणातल्या गावांत तेल गाळत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांची भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली आणि आपल्याच कीर्तनाच्या ढंगात ती सादर केली. त्यांच्या दफनभूमीतले दगड पाहण्याची परवानगी मिळाली तर हात न लावता, वेळ घेऊन बघ. वर हिब्रू अक्षरं, खाली देवनागरीत मराठी नाव. दोन वेगळ्या वळणांच्या लिप्या एकाच दगडावर बसवताना अक्षरांची उंची कशी जुळवली आहे, ओळी कुठे तोडल्या आहेत ते पाहा. सुलेखनाच्या तासाला मी तुम्हा मुलांना अक्षरांमधल्या मोकळ्या जागेबद्दल जे सांगायचे, ते तिथे दगडात दिसेल. या समाजातले बहुतेक जण आता इस्रायलमध्ये आहेत. मागे राहिलेली मोजकी घरं या वास्तू सांभाळतात, तेव्हा आत जाण्याआधी विचारायचं, डोकं झाकायला ओढणी जवळ ठेवायची.

संध्याकाळी कुंडलिकेची खाडी ओलांडून कोर्लईला जा. किल्ला चढायचा तर चढ, दृश्य सुरेख आहे. पण माझा जीव खालच्या गावात अडकलेला आहे. तिथली ख्रिस्ती वस्ती आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून तयार झालेली एक बोली बोलते. तिला ती माणसं ‘नौ लिंग’ म्हणतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, आणि घरात, अंगणात, लग्नाच्या गाण्यांत ती बोली अजून टिकून आहे. कुणाच्या ओट्यावर बसायला मिळालं तर बस. ‘जरा बोलून दाखवा ना’ असं मात्र म्हणू नकोस. त्यांची ती रोजची भाषा आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ नव्हे. तू बसून राहिलीस तर ती तुझ्या कानावर आपोआप पडेल.

पोर्तुगिजांचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देते. लहानपणी तुला आम्ही वाईजवळ मेणवलीला नेलं होतं, घाटावरच्या त्या छोट्या देवळातली मोठी घंटा तुला भारी आवडली होती. ती घंटा एका चर्चची आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशीच एक आहे. लढाईतली लूट होती ती, हे विसरून चालणार नाही. पण घंटा वितळवून तोफ ओतता आली असती, तसं न करता कुणाला तरी ती देवापुढे वाजवावीशी वाटली, आणि मेरीची आकृतीही कुणी घासून काढली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. किनाऱ्यावरची वस्तू कधी कधी घाट चढून आपल्या घराजवळ येऊन बसलेली असते. पुढच्या वेळी मेणवलीला गेलीस की ती नीट बघ.

मुरूडबद्दल थोडक्यात. जंजिऱ्यावर गर्दी असते, होडीवाले ठराविक वेळेत परत आणतात, त्यामुळे तिथे आरामात बघणं होत नाही. तरी दरवाजाजवळचं ते शिल्प चुकवू नकोस, वाघासारखा एक प्राणी आणि त्याने पकडलेले हत्ती. राज्यकर्त्याला आपल्याबद्दल काय सांगायचं होतं ते एका दगडात आलंय. वेळ उरला तर खोकरीला जा. तिथे सिद्दी सरदारांच्या कबरींवर दगडी घुमट आहेत, पर्यटक फारसे फिरकत नाहीत. आफ्रिकेतून आलेल्या माणसांच्या वंशजांनी या मातीत राज्य केलं आणि इथेच कायमची विश्रांती घेतली. जंजिऱ्याच्या गलक्यापेक्षा ते तिथे जास्त कळतं.

आता दगडाकडे लक्ष ठेव. रायगड जिल्ह्यात तू पाहशील तो बहुतेक काळा कातळ. घट्ट, जड, छिन्नीला दाद देणारा, म्हणून त्यावर धारदार नक्षी टिकते. दाभोळला धोपाव्याची फेरीबोट येईपर्यंत वेळ असेल, तेव्हा धक्क्याजवळची आदिलशाही मशीद बघून घे. तिथेही काळ्या दगडातलं नेटकं काम आहे. त्यानंतर जसजशी दक्षिणेला सरकशील तसतसा जांभा वाढत जाईल. तांबडा, सच्छिद्र, खाणीतून काढताना मऊ आणि वाऱ्यावर राहिला की कडक होणारा. घर बांधायला उत्तम, पण त्यावर देवाचा चेहरा किंवा फुलाची पाकळी कोरायची म्हटलं तर कण झडतात. कारागिराचा हात मग दुसरीकडे वळला. देवळांचे खांब आणि तुळया लाकडाच्या झाल्या, नक्षी लाकडात उतरली, भिंतींवर चुना चढला आणि चुन्यावर रंग. दक्षिण कोकणात लाकूड, चुना, लाख आणि रंग यांच्या कला इतक्या का फुलल्या याचं एक मोठं कारण मला या जांभ्यात दिसतं. चुन्याची करामत बघायची असेल तर रेडीच्या पुढे गोव्यात शिरून मोरजीला मोरजाईच्या देवळात जा. तिथे कावी काम आहे. गूळ घालून मुरवलेल्या चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने नको तेवढा तांबडा खरवडून काढायचा, की खालचा पांढरा उमटतो. चूक झाली तर पुसता येत नाही. दोनच रंग, तरी भिंत बोलकी होते.

जांभ्यावर कोरता येत नाही असं मी आत्ताच म्हटलं, पण कोकणातली सगळ्यात जुनी चित्रं जांभ्यावरच आहेत. त्यासाठी रत्नागिरी-राजापूरचा एक पूर्ण दिवस राखून ठेव. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, कातळशिल्पं तुझ्या यादीत ‘20 मिनिटं’ अशी आहेत, ते वाचून मला वाईट वाटलं. नाजूक नक्षी जांभा देत नाही, पण खोल, ठसठशीत रेघ तो हजारो वर्षं सांभाळतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकुरदेसाई या मंडळींनी गावोगाव फिरून, गुराख्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत ही चित्रं शोधली. 2022 मध्ये त्यांतली निवडक ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. साधारण 10,000 वर्षांपूर्वीची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांबीचा आहे. त्याच्या कडेला उभी राहिलीस तर पहिल्यांदा काहीच कळणार नाही. सड्यावर नुसत्या खाचा दिसतील. चालत चालत त्याला वळसा घाल. एक रेघ धर आणि ती कुठे जाते ते पाहा. ती पाठ निघेल, मग सोंड सापडेल, मग पाय. आणि हत्तीच्या देहाच्या आत आणखी प्राणी, मासे कोरलेले दिसतील. एवढी मोठी आकृती जमिनीवर काढताना काढणाऱ्याला ती एका नजरेत कधीच दिसलेली नाही. तरी प्रमाण सुटलेलं नाही. मी फळ्यावर हत्ती काढायचे तेव्हा मागे सरकून पाहायचे; त्याला मागे सरकायलाही जागा नव्हती. माझ्या लेखी सबंध किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं चित्र हेच.

ऊन डोक्यावर असताना जाऊ नकोस. सूर्य कलला की तिरप्या उजेडात खाचांमध्ये सावली भरते आणि आकार उठून दिसतात. सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर. फोटो नीट यावा म्हणून खाचांत खडू भरायचा नाही, पाणी ओतायचं नाही, आकृतीवर पाय द्यायचा नाही. आणि गावातल्या माणसाला बरोबर घे, त्याला त्याचा मोबदला दे. सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि ही चित्रं टिकणार असतील तर त्या गावाच्या राखणीवरच टिकणार आहेत.

कशेळीतच कनकादित्याचं देऊळ आहे. सूर्याचं देऊळ आपल्याकडे क्वचितच दिसतं. गावात कथा सांगतात ती अशी की सौराष्ट्रातून एक व्यापारी जहाजातून सूर्याची मूर्ती घेऊन दक्षिणेला निघाला होता. कशेळीच्या समोर जहाज अडलं, हलेना. तेव्हा मूर्ती किनाऱ्याच्या गुहेत ठेवली आणि जहाज सुटलं. पुढे कनका नावाच्या बाईला दृष्टान्त झाला आणि गावाने देऊळ बांधलं. इतिहास म्हणून ती कथा मी तुला सांगत नाही. पण शिलाहार राजा भोज याने 1191 मध्ये कशेळी गाव दान दिल्याचा ताम्रपट आहे, म्हणजे हे स्थान जुनंच. कथेतही जहाज थांबलं म्हणून मूर्ती इथली झाली. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो, तारखा जुळवता आल्या तर बघ.

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहशीलच. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, राजवाडा मात्र 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा गेला. अर्धगोल खिडक्यांच्या रंगीत काचा सुंदर आहेत. मला तिथे फार वेळ थांबवत नाही. मर्जीने थांबलेल्या माणसाने बांधलेलं घर आणि कोंडून ठेवलेल्या माणसासाठी बांधलेलं घर यांत फरक असतो, तो भिंतींना कळतो.

यापुढचं म्हणजे सिंधुदुर्ग. मालवणचा किल्ला तू चांगला अभ्यासलेला दिसतो, त्याबद्दल मी काही सांगत नाही. सावंतवाडी समुद्रापासून आत आहे म्हणून तू ती गाळलीस, हे मात्र मला मान्य नाही. वेंगुर्ल्याचं बंदर आणि सावंतवाडीचा दरबार एकमेकांपासून तोडता येणार नाहीत. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांनी वखार घातली, तिचे अवशेष अजून उभे आहेत, झाडोऱ्यात का होईना. बंदरावर जकात जमायची, तर चितारी, सुतार, दशावतारी यांना आश्रय दरबारात मिळायचा.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहायला मिळतो. पत्त्यांचा हा खेळ मूळचा इराणकडचा. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या आपल्या स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफा 96 पानांचा, 8 रंगांचा. आपल्याकडे आल्यावर त्याचा दशावतारी गंजिफा झाला, 10 अवतारांचे 10 रंग, प्रत्येकी 12 पानं, एकूण 120. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. पानं गोल. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, खडूचा लेप देऊन, घोटून गुळगुळीत करत, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. कारागिराच्या मागे उभी राहून त्याचा कुंचला बघ. दश्शीच्या पानावर 10 मासे बसवायचे तर ते सगळे सारखे हवेत, तरी ठशासारखे निर्जीव दिसता कामा नयेत. चांगल्या हाताच्या पानावर प्रत्येक मासा किंचित वेगळा वळलेला सापडेल.

ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी गावातल्या एका वृद्ध चिताऱ्याला शोधून काढलं. राणीसाहेब स्वतः त्याच्यापुढे बसून शिकल्या आणि 1970 च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना काम सुरू करून दिलं. एक माणूस उरला असताना कुणीतरी त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसलं, म्हणून आज तू तो कुंचला पाहू शकतेस. चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, खेळणी विकणारी दुकानं आहेत. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की उष्णतेने ती वितळून रंग कसा धरतो, ते बघायला मिळालं तर अवश्य थांब.

तिथून कुडाळजवळ पिंगुळीला ये. ठाकर आदिवासी समाजाची चित्रकथी तिथली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावरची चित्रं, एका कथेचा एक संच, त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे उलटलं की पुढचा प्रसंग. सांगणारा चित्र समोर धरून गात गात कथा पुढे नेतो, साथीला वीणा, टाळ, हुडुक. वीज आणि सिनेमा यांच्या आधी देवळाच्या आवारात रात्री हे चालायचं. त्यामुळे चित्रांत बारीकसारीक तपशील कमी आणि मोठे डोळे, ठाम बाह्यरेषा, स्पष्ट हावभाव जास्त. दिव्याच्या उजेडात मागे बसलेल्यालाही रावण कोण ते कळलं पाहिजे. चित्र कुणी, कुठून, कोणत्या उजेडात पाहणार आहे यावर त्याची रेघ ठरते, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. पिंगुळीत ते नुसतं पाहून कळतं. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं तिथे जपलंय. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे खेळ बघायचा असेल तर आधी फोन करून जा, अचानक जाऊन ‘पाच मिनिटांत दाखवा’ म्हणू नकोस. आणि चित्र विकत घेणार असशील तर भाव करू नकोस. एवढं एक माझ्यासाठी ऐक. हॉटेलात जेवणाचं बिल न बोलता देणारी माणसं कारागिरापुढे घासाघीस करतात, तेव्हा मला खरोखर राग येतो.

शेवटचा मुक्काम वेंगुर्ले-शिरोड्याला असेल तर वाटेत आरवलीला वेतोबाचं दर्शन घे. उंचापुरा, राखणदार देव. पूर्वी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. नवस फेडायला लोक त्याला चामड्याच्या प्रचंड मोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्या वहाणांची शिवण बघ, पट्ट्यांवरचं काम बघ. कुणाच्याही पायात बसणार नाही अशी वस्तू कारागीर किती मन लावून करतो! कलेच्या पुस्तकात त्या तुला सापडणार नाहीत, पण तुझ्या वहीत त्यांना एक पान दे.

दादाला सांग, गाडीची काळजी करू नको. बरेचसे पल्ले एस.टी. आणि फेरीबोटीने जमतात, आणि एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईकडून गावाची जी माहिती मिळते ती कुठे लिहिलेली नसते. नवा आराखडा केलास की मला पाठव.

तुझी
आत्या

ता. क. निघण्याआधी एखाद्या रविवारी बोरिवलीला एक्सरला जाऊन ये, मुंबईतच आहे. तिथे माणसापेक्षा उंच वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांचे स्मृतिदगड, उभे आहेत आणि त्यांतल्या काहींवर समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, एकमेकांवर चालून जाणारी. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात 1265 च्या सुमाराला झालेली लढाई ती असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्ट्यात लढाई आणि वीराचं मरण, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, अगदी वर शिवलिंगाची पूजा. तळापासून सुरू कर आणि जहाजांच्या पट्ट्यापाशी वही उघड. डोलकाठी आणि वल्ही काढून आण, मला बघायची आहेत.